शून्य कोणी ठरवलं?

मागच्या वर्षीच्या जूनमधला एक बुधवार. घरून काम करायचा दिवस होता. मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरात छोट्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी बसले होते आणि ओट्याशी मावशी पोळ्या लाटत होत्या. मी सातवीत असल्यापासून त्या आमच्याकडे येतात. माझ्या दहावीच्या निकालाचे पेढे त्यांनी खाल्लेत आणि इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत माझ्या डब्यातल्या पोळ्या त्यांच्याच हातच्या असत.

आमच्या कंपनीच्या आरोग्य ॲपवर दर तीन महिन्यांनी एक प्रश्नावली येते. तिला पीएचक्यू-९ म्हणतात. नऊ प्रश्न असतात आणि सगळे 'गेल्या दोन आठवड्यांत' असा त्रास किती वेळा झाला, असे. कशातच रस न वाटणं, उदास वाटणं, झोप न लागणं, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं वगैरे. 'अजिबात नाही'ला शून्य आणि 'जवळजवळ रोज'ला तीन. जास्तीत जास्त बेरीज २७. दहा किंवा त्याहून वर गेलात की ॲप समुपदेशकाची वेळ घ्यायला सुचवतं.

"परीक्षा आहे का गं?" मावशींनी विचारलं.

"तशीच," मी म्हटलं, आणि गंमत म्हणून पहिला प्रश्न मराठीत करून वाचला. त्यांनी लाटणं न थांबवता उत्तर दिलं. मग दुसरा वाचला, मग तिसरा. झोपेच्या प्रश्नावर म्हणाल्या, "दोन आठवडे काय घेऊन बसलीस? चार-पाच वर्षं झाली." बेरीज करायची सवय मला सुटत नाही. आठव्या प्रश्नाला त्यांचे सतरा झाले होते.

नववा प्रश्न मी वाचलाच नाही. मरून जावं, स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, असा तो प्रश्न आहे. "झालं," म्हणून मी लॅपटॉप मिटला.

"तुझे किती आले?" त्यांनी विचारलं.

"चार," मी म्हटलं. माझे अकरा आले होते.

हा लेख त्या दोन लबाड्यांबद्दल आहे. मावशींना विचारून लिहिते आहे, आणि त्यांच्या सांगण्यावरून काही तपशील बदलले आहेत.

•

आधी माझ्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी मला डिप्रेशन आलं होतं. त्याला सांगण्यासारखं कारण नव्हतं. नोकरी चांगली, घरचे प्रेमळ, आणि तरी सकाळी अंघोळीला जायलासुद्धा अंगात बळ नसे. कंपनीने सहा बैठका मोफत दिल्या. पुढच्या मी पदरच्या पैशांनी केल्या, अंधेरीला, एका बैठकीचे अठराशे रुपये. मॅनेजरने विचारलंही नाही, "हवा तेवढा वेळ घे" म्हणाला. मी हवा तेवढा घेतला आणि बरी झाले. पूर्ण नाही; अकरा गुण अधूनमधून येतात. पण जगण्याइतकी बरी झाले.

मावशी भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत राहतात. २०१९ मध्ये त्यांचे यजमान कामावरून घरी येताना रूळ ओलांडत होते, तेव्हा गेले. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात आणि त्यांतली फार मोठी संख्या रूळ ओलांडताना जाते. गाडीतून पडून मेलेल्याच्या घरच्यांना रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. २०१७ पासून ती आठ लाख रुपये आहे. रूळ ओलांडणाऱ्याचं तसं नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली तो अतिक्रमणाचा गुन्हा ठरतो. म्हणजे मावशींच्या वाट्याला माणूस गेल्याचं दुःख आलं, आणि चूक त्याचीच होती हे ऐकणंही आलं. ओळख पटवायला त्याच गेल्या होत्या. आठव्या दिवशी कामावर हजर झाल्या, कारण नवव्या दिवशी दुसरी बाई लागली असती.

त्यानंतर त्यांना झोप लागत नाही. फलाटावर जलद गाडीचा भोंगा वाजला की हातपाय गार पडतात. म्हणून त्या भांडुपहून मुलुंडला रिक्षा परवडत नसतानाही बसने येतात, आणि बसला उशीर झाला की बोलणी खातात, आमच्याकडेही. प्रश्नावलीत भोंग्याबद्दल प्रश्न नव्हता. डिप्रेशन आणि आघातानंतरचा त्रास एकाच माणसात एकत्र राहू शकतात, पण नऊ प्रश्न त्यांतल्या एकालाच ओळखतात. मावशींचा स्वतःचा शब्द या सगळ्याला एकच आहे: टेन्शन. वस्तीतल्या दवाखान्यात त्यांनी 'डोकं जड होतं, छातीत धडधडतं' असं सांगितलं. त्यांना ताकदीच्या गोळ्या आणि अंगदुखीच्या गोळ्या मिळाल्या.

माझ्या दुःखाला कारण नव्हतं, पण त्यासाठी वेळ होता. त्यांच्या दुःखाला कारण होतं आणि वेळ नव्हता.

•

त्या बुधवारी रात्री मी आईला सतरा हा आकडा सांगितला. आई वाईट मनाची नाही. तिने अगदी सहज म्हटलं, "त्यांना डिप्रेशन कसलं गं? परिस्थिती आहे तशी. कोणालाही होईल."

हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं, आणि ते बोलणाऱ्याला त्यात सहानुभूती वाटत असते. गरिबाचं दुःख हे 'साहजिक' असतं. जे साहजिक, ते आजार नाही. जे आजार नाही, त्याला औषध कशाला? याच तर्काने माझं अकारण दुःख उपचाराला पात्र ठरलं आणि त्यांचं सकारण दुःख अपात्र. ज्याचं दुःख जितकं रास्त, तितकी त्याची उपचारावरची पात्रता कमी, असा विचित्र निष्कर्ष यातून निघतो.

मुंबईकराला समजेल असं उदाहरण घेऊ. रस्त्यावरच्या खड्ड्यात पडून पाय मोडला, तर डॉक्टर असं म्हणत नाहीत की हा अस्थिभंग नाही, ही रस्त्याची परिस्थिती आहे. प्लास्टर घालतात. खड्डा बुजवणं हे महापालिकेचं काम आहे आणि तेही व्हायलाच हवं. पण खड्डा बुजेपर्यंत पाय तसाच ठेवा, असं कोणी सांगत नाही.

या उदाहरणाची दुसरी बाजूही आहे आणि ती सोडून देता येत नाही. प्लास्टर स्वस्त झालं की खड्डा तसाच ठेवायची सोय होते. भांडुपला रूळ ओलांडावे लागतात, कारण पूल दूर असतो, गर्दीचा असतो, आणि दहा तास उभं राहून काम केलेल्या माणसाला जिने नको असतात. माणसं मरू द्यायची आणि मागे राहिलेल्यांना समुपदेशन द्यायचं, ही काही न्यायाची कल्पना नव्हे. ज्युडिथ श्क्लार नावाच्या राजकीय विचारवंत बाईंनी १९९० मध्ये अन्यायावर एक पुस्तक लिहिलं. दुर्दैव कुठे संपतं आणि अन्याय कुठे सुरू होतो, ही रेघ आपोआप आखलेली नसते, ती कोणीतरी आखतं, आणि बहुधा ज्याला त्रास झाला नाही तो आखतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. आपल्याकडे या रेघेला 'नशीब' म्हणतात. आईने ती स्वयंपाकघरात बसून आखली. नववा प्रश्न न वाचून मी तिच्याआधीच आखली होती.

•

उपचार द्यायचे असं ठरवलं तरी कोण देणार, हा पुढचा प्रश्न. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की डिप्रेशन असलेल्या शंभर माणसांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचत नाहीत. देशात लाख माणसांमागे एक पूर्ण मानसोपचारतज्ज्ञही नाही. अंधेरीत अठराशे रुपये घेणाऱ्या बाईंसारख्या प्रशिक्षित लोकांची संख्या कितीही वाढली, तरी त्या भांडुपच्या टेकडीपर्यंत पोचायला एक पिढी जाईल.

याचं एक उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात शोधलं गेलं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे 'संगाथ' ही संस्था काढली. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: किमान दहावीपर्यंत शिकलेली, मानसशास्त्राची पदवी नसलेली स्थानिक माणसं हे काम करू शकतील का? अशा माणसांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण आणि मग काही महिन्यांचा सराव दिला. उपचारही अवघड शब्दांचा नव्हता. डिप्रेशनमध्ये माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, सोडल्यामुळे आणखी खचतो. तर छोट्या छोट्या, त्याला अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामांकडे त्याला परत न्यायचं आणि अडचणी सोडवायला मदत करायची. सहा ते आठ बैठका, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पेशंटच्या घरी.

२०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याचे निष्कर्ष आले. दहा आरोग्य केंद्रांतले मध्यम-तीव्र ते तीव्र डिप्रेशन असलेले सुमारे पाचशे लोक त्यात होते. तीन महिन्यांनंतर, या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे गुण दहाच्या खाली आले होते. फक्त नेहमीची थोडी सुधारलेली सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. गुण मोजले होते त्याच नऊ प्रश्नांनी, जे मी पोळ्यांच्या शेजारी बसून वाचले.

मी हे वाचलं तेव्हा पहिली भावना आनंदाची होती आणि दुसरी संशयाची. मला पदव्युत्तर पदवीवाली थेरपिस्ट आणि मावशींना दहावी पास? शाळांचं, पाण्याचं, रेशनच्या तांदळाचं जे झालं तेच आता मनाचं: श्रीमंतांसाठी एक प्रत आणि गरिबांसाठी दुसरी?

हा आक्षेप मी बरेच दिवस घेऊन फिरले. तो सुटला माझ्या धंद्यातल्या एका गोष्टीमुळे. आमच्याकडे कोणीही लिहिलेला कोड, अगदी पंधरा वर्षं अनुभव असलेल्याचासुद्धा, दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. गोव्यातले समुपदेशक नेमकं हेच करत. बैठकांचं ध्वनिमुद्रण होई, ते गटात बसून एकमेकांच्या बैठका ऐकत आणि गुण देत. माझ्या अंधेरीच्या थेरपिस्टची बैठक कोणी ऐकली असेल? बहुधा कोणीच नाही. मला तिचा उपयोग झाला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण दर्जा म्हणजे भिंतीवरचं प्रमाणपत्र की कामाची तपासणी, असं विचारलं तर 'दुय्यम' कोणाला म्हणायचं हे तितकं सोपं राहत नाही.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली. कमी पैशातली सेवा आणि कमी प्रतीची सेवा यांत फरक आहे, आणि तो तीन प्रश्नांनी ओळखता येतो. तिचा परिणाम कोणी प्रामाणिकपणे मोजला आहे का? तिथे भागलं नाही तर वरच्या पायरीवर कोणी उभं आहे का? आणि ती माझ्या बहिणीला मिळाली तर मला चालेल का? गोव्याचं काम माझ्या मते यात उतरतं. केंद्रातला डॉक्टर, गरज पडल्यास तज्ज्ञ, हे त्या योजनेतच होतं. वरची पायरी काढून घेतली तर तीच सेवा दुय्यम होते, समुपदेशक कितीही चांगला असला तरी.

महाराष्ट्रातलं उदाहरणही आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच लोकांनी घरोघरी, बैठकांतून या त्रासाबद्दल बोलायला सुरुवात केली. डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचं प्रमाण तिथे आधी ४.३ टक्के होतं, ते दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेलं. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या भागाचं नाव वर्तमानपत्रांत येतं तिथली ही गोष्ट. तरीही शंभरातले सत्तरहून जास्त लोक गेले नाहीतच. का गेले नाहीत, याचं एक उत्तर मला नंतर मुलुंडमध्येच मिळालं.

•

त्याआधी ऑफिसातला एक प्रसंग. आमच्या टीमपुढे एक कल्पना आली होती. मनाचा त्रास असलेल्यांशी स्थानिक भाषांत बोलणारा चॅटबॉट, वस्त्यांमध्ये मोफत. मी विचारलं, नवव्या प्रश्नाला कोणी 'रोज' म्हटलं तर तो बॉट त्या माणसाला कोणाकडे सोपवणार? खोलीत थोडी शांतता झाली. मग एक हुशार आणि मनापासून काम करणारा सहकारी म्हणाला, "आत्ता त्यांच्याकडे काहीच नाही. शून्याच्या वर जे देऊ ते चांगलंच की."

हा युक्तिवाद हरवणं कठीण आहे, कारण तो गणिताने बरोबर आहे. एक हा आकडा शून्याहून मोठाच. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असतं की शून्य आपोआप येत नाही. चल राशीला सुरुवातीची किंमत कोणीतरी दिलेली असते. मावशींच्या रकान्यात शून्य कोणी लिहिलं?

कायद्याने तर लिहिलेलं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं १८ वं कलम प्रत्येक माणसाला सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चाललेल्या मानसिक आरोग्य सेवेचा हक्क देतं. ही सेवा परवडणारी, चांगल्या दर्जाची, पुरेशी आणि जवळ असावी असंही म्हणतं. दारिद्र्यरेषेखालच्यांना, हातात कार्ड नसलं तरी, ती मोफत आहे. म्हणजे मावशींची सुरुवातीची किंमत शून्य नाही. ज्याला देणं लागतं त्याने ते दिलेलं नाही, इतकंच. देणेकऱ्याने शंभरातला एक रुपया टेकवला तर त्याला आपण दान म्हणत नाही.

बॉट बनवूच नये असं माझं म्हणणं नाही. रात्री तीनला झोप न लागणाऱ्याला बोलायला काहीतरी असणं वाईट नाही. पण 'शून्यापेक्षा बरं' हे वाक्य शून्य मान्य करून सुरू होतं, आणि एकदा ते मान्य केलं की वरची पायरी बांधायची कोणालाच घाई राहत नाही. मी हे बैठकीत इतकं नीट बोलू शकले नाही. "मला हे बरोबर वाटत नाही" एवढंच म्हटलं आणि घरी आले.

•

त्यानंतरच्या बुधवारी मी मावशींना नववा प्रश्न विचारला. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात विचार भरवला जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. अभ्यास सांगतात की तसं होत नाही. उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं याने हलकं वाटतं. मी न विचारण्याचं खरं कारण ते नव्हतंच. उत्तर 'हो' आलं तर मला काहीतरी करावं लागलं असतं, हे कारण होतं.

मावशींनी लाटणं खाली ठेवलं. "पहिल्या वर्षी यायचं मनात," त्या म्हणाल्या. "आता नाही. पोराचं कॉलेज आहे." आणि थोड्या वेळाने, "तू पहिलीच विचारणारी."

आम्ही १४४१६ वर फोन केला. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. मी फोन लावून दिला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. वीस मिनिटांनी मावशी आल्या, डोळे पुसलेले होते. "बाई चांगली होती. दवाखान्यात दाखवा म्हणाली."

आणि इथे अडलं. पालिकेच्या ज्या मोठ्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी होती, ती सकाळची. केसपेपरची रांग, मग डॉक्टरची रांग, मग औषधांची. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा एकदा जाऊन भागत नाही. मावशींची सकाळ चार घरांत विकलेली आहे. केसपेपरचे पैसे फार नव्हते, औषधं मोफत होती. महाग होती ती सकाळ.

गोव्यातल्या लोकांनी बैठका घरी किंवा जवळच्या केंद्रात का घेतल्या आणि अमरावतीतले सत्तर जण का गेले नसतील, हे मला त्या दिवशी कळलं. मी इतके दिवस सरकार, कायदा, बॉट यांचा विचार करत होते. तो चुकीचा नव्हता. पण मावशी आणि उपचार यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसांत सर्वांत जवळची मी होते. माझ्या मॅनेजरने मला 'हवा तेवढा वेळ घे' म्हटलं होतं. मावशींचे मॅनेजर आम्ही होतो.

आम्ही ठरवलं, महिन्यातून दोन बुधवारी मावशींना पगारी सुट्टी. आईने थोडं कुरकुरून मान्य केलं आणि मग स्वतःच आमच्या इमारतीतल्या बाकीच्या तीन घरांकडे गेली. दोन घरं तयार झाली. तिसऱ्या काकू म्हणाल्या, "मग आम्हीही जातो डिप्रेशनमध्ये." त्यांना मावशींचं काय चाललंय हे आईने सांगायला नको होतं, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. वस्तीत आणि जिन्यात 'ठाण्याला' हा शब्द अजून कशासाठी वापरतात, सगळ्यांना माहीत आहे. मावशींनी ते घर सोडलं. त्या घराचे पैसे गेले. आमच्या चांगुलपणाची किंमत त्यांनी भरली, आम्ही नाही. पुढच्या महिन्यापासून आम्ही पगारात ती भर घातली, तरी गेलेली गोष्ट सांभाळून ठेवायला आमच्याकडे जागा नव्हती.

•

मावशी आता दर पंधरा दिवसांनी जातात. डॉक्टरांकडे गर्दीमुळे तीन-चार मिनिटं मिळतात. तिथल्या एका समाजसेविका बाईंशी जास्त बोलणं होतं. झोप पाच तासांवर आली आहे. भोंगा अजून नकोच वाटतो. हे यश आहे का, मला सांगता येणार नाही. आमच्या तीन घरांनी सुट्टी दिली म्हणून शहरातल्या लाखो मावशींचा प्रश्न सुटत नाही, आणि हक्काची गोष्ट एखाद्या घराच्या मनावर सोडणं हाही अन्यायच, हे मला पटतं. पण १८ वं कलम पुरतं अमलात येईल त्या दिवशीसुद्धा मावशींना कोणाच्या तरी सकाळच्या पोळ्या सोडून जावं लागणारच आहे. त्या पोळ्या माझ्या असतील, तर कायद्याचा तेवढा तुकडा माझ्या ओट्यावर आहे.

नवी प्रश्नावली आली तेव्हा मावशी भाकऱ्या थापत होत्या. मी लॅपटॉप उघडला.

"त्या दिवशी मी खोटं सांगितलं होतं," मी म्हटलं. "चार नव्हते. अकरा होते."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं म्हणतील, तुला कसलं गं दुःख? ते ऐकायला मी तयार होते, कारण माझी लबाडी त्याच भीतीतून आली होती. मला त्यांचं सगळं माहीत होतं आणि त्यांना माझं काही नाही. असं असताना मी त्यांची काळजी घेते म्हणणं म्हणजे वरून खाली बघणंच होतं.

भाकरी तव्यावर टाकून मावशी म्हणाल्या, "तरीच डबा अर्धा यायचा परत." मग विचारलं, "आता किती?"

"आठ."

"वाच तर माझं."

मी वाचायला सुरुवात केली. या वेळी नऊही.